मधल्या दाराचे सोयरे

आपा, परवा तुमचा इक्बाल आमच्याकडं आला तो पुढच्या दारानं. कडी वाजली तेव्हा मला वाटलं गॅसवाला असेल. दार उघडलं तर पायरीवर हा उभा, परक्या घरी आल्यासारखा अवघडलेला. तुमच्या घरातलं माणूस रस्त्यावरून फिरून आमच्याकडं येतंय, हे मी लग्न होऊन या गल्लीत आल्यापासून कधी पाहिलं नव्हतं. तुमची मुलं तर रांगायला लागली ती मधल्या दारातूनच. मी त्याला आत घेतलं, पाणी दिलं. त्यानं पेला तसाच हातात धरला आणि खाली बघत जे विचारायला आला होता ते विचारलं.

तुमचं घर विकायचं ठरलंय. घेणारे लासूर स्टेशनचे आहेत, धान्याचा व्यापार आहे, मुलगा आणि सून इथं राहायला येणार. माणसं बरी वाटतात म्हणाला. त्यांची एकच अट आहे. दोन घरांच्या भिंतीतलं मधलं दार विटांनी बुजवून पाहिजे. ते दार दोन्ही घरांचं, म्हणून माझा होकार हवा. "सोमवारी गवंडी बोलवू का, मौशी?" असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, शुक्रवारी सांगते.

तुम्ही असता तर आधी त्या गवंड्याचा उद्धार केला असता आणि मग माझ्याकडं वळून म्हणाला असता, दुल्हन, ये बुजवना लफ्ज़ कहाँ का है, देख ज़रा. माझे केस पांढरे झाले, मी शाळेतून निवृत्त झाले, आमचे हेही गेले, तरी तुमच्यासाठी मी दुल्हनच राहिले. आता मला त्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नाही. एवढ्या मोठ्या शहरात एकही नाही.

माझा होकार कशात अडलाय ते तुम्हाला सांगायला बसले आहे. इक्बालला सांगता आलं नाही.

त्या दाराचा कायदा मला आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मी आले त्याच आठवड्यात समजावला होता. दार ठेंगणं, वाकल्याशिवाय जाता येत नाही. दोन फळ्या, आणि कड्याही दोन, एक आमच्या बाजूला, एक तुमच्या. दोन्ही निघाल्याशिवाय दार हलत नाही. सकाळी आपापलं आवरलं की आपापली कडी काढायची. "दुसरीची कडी निघंस्तोवर गप उभं राहायचं, बाई," आत्याबाई म्हणाल्या. "हाक नाय मारायची, वाजवायचं नाय. तिला सवड नसंल तर ती नाय काढनार. का नाय काढली, हे इचारायचं नाय." मी वैजापूरची. आमच्या गावाकडं ओट्यावरून हाका मारून बोलायची सवय. मला हा कायदा भारी चमत्कारिक वाटला. पण पहिल्याच सकाळी मी माझी कडी काढून उभी राहिले, थोड्या वेळानं पलीकडून खट्‌ असा आवाज आला, फळ्या आपोआप जराशा सरकल्या, आणि फटीतून तुमचा एक डोळा दिसला. तो डोळा हसत होता.

मग तिथंच आपलं सगळं सुरू झालं. उंबरठ्याच्या अलीकडं मी, पलीकडं तुम्ही, मध्ये मेथीची जुडी. मी बाहेरून बी.ए. करत होते आणि मुलींच्या शाळेत पाचवीला इंग्रजी शिकवायला नुकतीच लागले होते. दुसऱ्या दिवशीचा धडा पाठ करायची मला सवय, भाजी निवडता निवडता पुटपुटत असायची. डोअर म्हणजे दार, डोअर म्हणजे दार. तुमचा हात थांबला.

"डोअर? अगे, ये तो हमारा दर है," तुम्ही म्हणालात. "अंग्रेज़ां दिल्ली आए, दरबार में खड़े रहे, जाते वक्त दर उठा के ले गए."

मी बी.ए.ची विद्यार्थिनी, मला हे कसं चालणार? मी म्हटलं, आपा, दार आमच्या द्वारापासून आलं. तुमचा फारसी दर असेल तर तोही आमच्याकडूनच गेला असेल. तुम्ही मान उडवलीत. दरबार कुणाचा, दरबान कुणाचा, दर्गा कुणाचा, असं एकेक माझ्यापुढं टाकत गेलात. मी द्वारका काढली, हरिद्वार काढलं, द्वारपाल काढला. दोन्ही घरांत गट पडले. आमचे मामंजी माझ्या बाजूनं, आणि लग्न होऊनही तुम्ही माहेरीच राहिलेल्या, म्हणून तुमचे अब्बा तुमच्या बाजूनं. मेथीचे दिवस संपून हरभऱ्याची भाजी आली तरी भांडण चालूच. त्यात ह्या शहरात दारांना काय तोटा? पत्ता सांगायचा तर घराचा नंबर कुणी विचारत नाही, कुठल्या दरवाजाजवळ तेवढं सांगितलं की झालं. पुढं एकदा तुम्ही विचारलंत की मग पैठण गेट, दिल्ली गेट यांतलं गेट कोण लागतं? मी कोश बघून आले आणि सांगितलं की गेट हे दाराच्या नात्यातलं कुणी नाही, निराळ्याच घरचं आहे. तुम्हाला फार बरं वाटलं. तुम्ही त्यानंतर कधी पैठण गेट म्हणाला नाहीत, पैठण दरवाजाच म्हणत राहिलात, आणि रिक्षावाले तुम्हाला भलतीकडं नेत राहिले.

शेवटी शाळेच्या ग्रंथालयातला जाडजूड इंग्रजी कोश मी एका मधल्या सुट्टीत उघडला. शब्दाचा अर्थ मोठ्या अक्षरात आणि त्याचं कुळ अगदी बारीक अक्षरात, मुंग्यांच्या रांगेसारखं. मी ते घोकत घरी आले आणि साडी न बदलता मधल्या दारात बसले. दोन्ही वडीलधारे आपापल्या बाजूला खुर्ची ओढून बसले. मी वाचल्यासारखं म्हणून दाखवलं. इंग्रजीत डोअर, त्याच्या आधी दुरु. जर्मनांकडं ट्यूर. ग्रीकांकडं थुरा. लॅटिनमध्ये फोरेस. संस्कृतात द्वार. फारसीत दर. इंग्रजांनी तो शब्द फारसीतून नेलेला नाही, फारसीनं तो संस्कृताकडून घेतलेला नाही. सगळी एका घरातून निघालेली भावंडं, आणि आपला दार हा द्वाराचाच वंशज.

"तो बाप कौन?" तुम्ही लगेच विचारलंत.

बापाचं नाव कोशात दिलं होतं, पण त्याच्या डोक्यावर एक तारा काढलेला होता. ताऱ्याचा अर्थ असा की हा शब्द कुणी ऐकलेला नाही, कुठं लिहिलेला सापडलेला नाही. लेकरांच्या तोंडावळ्यावरून विद्वानांनी बापाचा चेहरा ताडलाय. तुम्हाला हे बिलकूल पटलं नाही. ज्याला कुणी पाहिलं नाही त्याचं नाव लिहायची हिंमतच कशी होते, असं तुम्ही पुन्हा पुन्हा विचारत होता. मामंजी हसत होते. अब्बा मात्र हसले नाहीत. त्यांनी मला जर्मनांचा शब्द परत म्हणायला लावला आणि स्वतः हळूहळू दोनतीनदा म्हणून बघितला.

तेव्हा मला नीटसं कळलं नव्हतं, नंतर तुम्ही सांगितलंत. अब्बांनी उभा जन्म शाळेत फारसी शिकवली. पोलीस अ‍ॅक्शननंतर जुनं राज्य गेलं, कारभाराची भाषा बदलली, शाळेतल्या उर्दूच्या तुकड्या कमी झाल्या, फारसीचा तास तर उठलाच. त्या वयात त्यांना सांगण्यात आलं की मराठीची परीक्षा द्या. मामंजींनी त्यांना ह्याच दारात बसून बाराखडी शिकवली, आणि मामंजींच्या वैजापूरकडच्या जमिनीचे उर्दूतले कागद अब्बांनी ह्याच दारात बसून वाचून दिले. अब्बा परीक्षा पास झाले. पण तुमच्या म्हणण्याप्रमाणं घरात ते कमी बोलायला लागले, ते कायमचेच. त्या संध्याकाळी मात्र ते उठताना मामंजींना म्हणाले, "तो मास्टरसाब, मैं इतने दिन पराए घर में नहीं बैठा था." मामंजींनी त्यांचा हात धरला. मला वाटलं की मी कोश उघडला हे बरं केलं.

शब्दाचं भांडण मिटलं तसं आपण दुसरं काढलं. भिंतीत हे दार आधी कुणी पाडलं? तुमच्या घरात सांगत की रझाकारांच्या दिवसांत अब्बांनी भिंत फोडली, आत्याबाईंना आणि लेकीबाळींना तुमच्या माजघरात घेतलं आणि दारापुढं स्वतः बसून राहिले. आमच्या घरात सांगत की फौज आल्यावर, तुमच्या लोकांवर दिवस फिरले तेव्हा, मामंजींनी भिंत फोडली आणि तुम्हा सगळ्यांना आमच्या धान्याच्या खोलीत ठेवलं. तुम्ही तेव्हा परकरातली पोर असाल, तुम्हाला ज्वारीच्या पोत्यांवर झोपल्याचं आठवत होतं. आत्याबाईंना तुमच्या माजघरातला अत्तराचा वास आठवत होता. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, यावर भांडण नव्हतंच. पहिली पहार कुणाची, यावर होतं, आणि दोन्ही घरं मान आपल्याकडं घेत होती.

मग एका पावसाळ्यात भिंतीचा चुना पोपडे धरून गळाला आणि दाराच्या वर विटांची कमान उघडी पडली. आपण दोघी हातात झाडू धरून बघत राहिलो. कमान भिंतीबरोबरच बांधलेली होती, तिच्या विटा भिंतीच्या विटांत गुंतलेल्या. म्हणजे दार आधीचंच. कुणीतरी कधीतरी ते बुजवलं होतं, आणि ज्यानं कुणी पहार घातली त्यानं फक्त भर काढली. ही दोन घरं एकेकाळी एकच असतील का, कुणाचं असेल, मधली भिंत कशासाठी घातली असेल, आपण त्या दिवशी काय काय तर्क केले! स्वयंपाक दोन्हीकडं राहिला. शेवटी तुम्ही म्हणालात, "हौ, तो ये भी तारेवाला है." आणि आपल्या घरांत त्या दाराला ते नाव काही वर्षं चिकटलं होतं.

तुमचे भाईजान कराचीहून आले तेही आठवतं. पोलीस अ‍ॅक्शननंतर ते गेले होते, आणि इतक्या वर्षांनी व्हिसा मिळवून आपल्याच घरी पाहुणे म्हणून आले. आल्याबरोबर ठाण्यावर जाऊन नाव नोंदवावं लागलं. ते तिथून परतल्याबरोबर तुम्ही मधल्या दारात आलात, चेहरा लाल. तिथं त्यांना 'फॉरिनर' म्हणाले होते. ज्या खोलीत जन्मले, त्या खोलीत त्यांना झोपायचं असेल तर ठाण्यात सांगायचं. तुम्ही मला विचारलंत, हा फॉरिनर शब्द आला कुठून? रागानं विचारलंत, जणू काही तो मीच आणला होता.

मला तो ठाऊक होता, कारण तो दाराच्याच कुळातला आहे. लॅटिनमध्ये दार म्हणजे फोरेस, आणि दाराबाहेर म्हणजे फोरास. त्यातून फॉरिन निघाला. रान म्हणजे फॉरेस्ट हाही बहुतेक त्यातलाच, दाराबाहेर पडलेली जमीन. मी भीतभीत सांगितलं की आपा, मुळात त्याचा अर्थ फक्त दाराबाहेरचा एवढाच आहे. तुम्ही ऐकून घेतलंत. मग आत जाऊन भाईजानना हाताला धरून आणलंत, त्यांची मान हातानं खाली दाबलीत आणि त्यांना वाकवून आमच्या घरात ढकललंत. "ले, अब बोल इसकू, कौनसे दरवाज़े के बाहर है." भाईजान आमच्या स्वयंपाकघरात आले. आत्याबाईंनी त्यांना लहानपणीच्या नावानं हाक मारली आणि थालीपीठ वाढलं. ते जेवताना रडले आणि मग आत्याबाईही. मला तेव्हा वाटलं होतं की शब्दांचं कुळ शोधण्यापेक्षा दुसरं चांगलं काम जगात नसेल. आज तेवढी खात्री नाही, पण त्या दिवसाची आहे.

आता जे कधीच बोललो नाही ते.

एका वर्षी शहरात दंगल झाली, संचारबंदी लागली. इक्बाल तेव्हा लहान होता. सकाळी मी कडी काढली आणि उभी राहिले. पलीकडून आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही नाही. आमच्याकडं ह्यांचे चुलतभाऊ येऊन राहिले होते, दिवसभर काहीबाही बोलत होते, आणि मधल्या दाराला कुलूप घाला म्हणून मागं लागले होते. आत्याबाई ऐकून न ऐकल्यासारखं करत होत्या. मी रोज कडी काढायची, उभी राहायची, पुन्हा लावायची. कान लावून ऐकलं तर पलीकडं पुष्कळ माणसांचे आवाज. तुमचा आवाज नाही. मला राग आला, मग भीती वाटली, आणि मग सगळ्यांत वाईट म्हणजे वाटलं की बरोबरच आहे, त्यांनी तरी आपल्यावर का विसंबावं?

संचारबंदी उठली आणि एका सकाळी खट्‌ असा आवाज आला. तुम्ही शीरखुर्म्याचं भांडं पुढं केलंत. ईद नव्हती, काही नव्हतं. मी भांडं घेतलं. का नाही काढली हे विचारायचं नाही, हा कायदा. मी विचारलं नाही आणि तुम्ही सांगितलं नाहीत. त्यानंतर आपण इतकी वर्षं इतकं बोललो, जगातल्या कुठल्या कुठल्या भाषांतलं दार धुंडाळलं, पण त्या दिवसांत आपलं दार का बंद होतं याकडं दोघीही कधी वळलो नाही. आपा, माझा होकार तिथं अडलाय, किंवा खरं सांगायचं तर माझा नकार तिथं अडलाय. तुम्हालाच एकदा ते बंद करावंसं वाटलं असेल, तर लासूरच्या लोकांना मी कुठल्या तोंडानं म्हणू की बुजवू नका?

तुम्ही शेवटी आजारी होतात तेव्हा विचारायला पाहिजे होतं. पण तुमच्याशी गंभीर बोलायला जावं तर तुम्ही दुसरंच काढायचात. डॉक्टरांनी थायरॉइड सांगितलं त्या दिवशी मी धसका घेऊन आले, आणि तुम्ही पलंगावर बसून विचारलंत की हा शब्द कुणाचा. मी बघून आले, आणि खरं सांगते, माझा विश्वास बसेना. ग्रीकांची लांबट ढाल दाराच्या आकाराची असायची, म्हणून तिचं नाव थुरा म्हणजे दार यावरून पडलं, आणि गळ्यातल्या त्या भागाचा आकार ढालीसारखा दिसला म्हणून त्याला थायरॉइड. तुम्ही गळ्याला हात लावून इतक्या हसलात की खोकला लागला. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला सांगत होतात, मेरे गले में दरवाज़ा है, डॉक्टर बोले. रोज गोळी घेताना म्हणायचात, चलो, दरवाज़े कू तेल डालते.

दुसरं एक कोडं मी तुमच्यासाठी शोधून आणलं होतं, तेही सांगून टाकते, कारण ते तुम्हाला फार आवडलं होतं. त्या तारेवाल्या बापाच्या तोंडात सुरुवातीला द नव्हे, ध होता असं म्हणतात. आपल्या धुरातला ध लॅटिनमध्ये फ होतो आणि इंग्रजीत फ्यूम येतो, तसाच दाराचा फोरेस. मग संस्कृतात ध्वार व्हायला पाहिजे होता, द्वार कसा झाला? विद्वानांना वाटतं की दाराला फळ्या दोन असतात, म्हणून द्वि, द्वय यांच्या संगतीत राहून ध चा द झाला असावा. तुम्ही उठून मधल्या दाराच्या दोन्ही फळ्या एकदा उघडून, एकदा मिटून पाहिल्यात. म्हणालात की हे मात्र खरं असणार, एका फळीचं दार म्हणजे नुसतं झाकण.

आणि एक भांडण उरलंच. दररोज, दरसाल यातला दर. तुमचं म्हणणं तोही दारच. रोज सकाळी दिवस दारात येऊन उभा राहतो, म्हणून दररोज. मी सांगून थकले की आपा, तो फारसी दर निराळा, तो अंदरचा दर आहे, आपल्या अंतरचा, इंग्रजीतल्या एंटरचा नातलग. तुम्ही जायच्या आधी आठवडाभर हेच चालू होतं. मी म्हटलं, अंदरच्या कुळाला दाराच्या कुळात घुसवू नका. तुम्ही म्हणालात, "दर से ही तो अंदर आते, दुल्हन." याला उत्तर नाही असं नाही, शब्दकोशात आहे. पण मी दिलं नाही, कारण तुम्हाला धाप लागली होती. दुसऱ्या दिवशी देऊ म्हटलं, आणि मग द्यायचं राहिलंच.

एवढं सांगून मी उठले होते, ती आज पुन्हा बसले. काल शुक्रवार होता. इक्बाल आला. मी त्याला म्हटलं, बस, मला आधी एक विचारायचंय. दंगलीच्या वर्षी तुमच्या बाजूची कडी बरेच दिवस लावलेली होती, तुला काही आठवतं का? कायदा मोडला, आपा. पण तुम्हाला विचारलं असतं तर पुरता मोडला असता, त्याला विचारणं म्हणजे निम्मंच मोडणं, अशी मी माझी समजूत घातली.

"घर भरलेलं होतं, मौशी," तो म्हणाला. "धाकट्या मामूकडचे, चाचाकडचे, सगळे आमच्याकडं आलेले. कुनाचं दुकान जळालेलं. पोरं लई तापलेली होती." मग म्हणाला की अम्मीनं तेव्हा तिचा पलंग ओढून त्या दाराला लावला होता. रात्रंदिवस तिथंच. नमाजही तिथंच, जेवणही तिथंच. कुणाला जवळ येऊ द्यायची नाही. "मी इचारलं, अम्मी, इथं का झोपतीस? तर म्हणाली, इधर हवा आती."

बंद दाराला कसली हवा, आपा?

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि पदर तोंडात धरून रडले. तुम्ही आमच्यापासून दार बंद केलं असं मी इतकी वर्षं समजत होते. समजत होते असंही नाही, तेवढं समजायची हिंमत होत नव्हती म्हणून बाजूला ठेवलं होतं. आणि तुम्ही पाठ लावून बसला होतात. अब्बाही असेच दारापुढं बसून राहिले होते, हे तुम्हीच शंभरदा सांगितलं होतंत, तरी माझ्या डोक्यात कधी आलं नाही. आणि मग शीरखुर्मा. मी तुमचे आभारही मानले नाहीत, साखर जास्त झाली म्हणाले.

बाहेर येऊन मी इक्बालला सांगितलं की दार बुजवायला माझी परवानगी नाही. त्यानं मान वर केली. मी म्हटलं, त्या लोकांना सांग, दाराला दोन कड्या आहेत. त्यांनी त्यांची लावून ठेवावी, वर्षभर काढू नये, जन्मभर काढू नये, मी कधी वाजवणार नाही, विचारणार नाही. पण वीट नाही. एकदा बुजवलेलं हे दार परत उघडलं ते दोन्ही घरांवर जीवावरची वेळ आली तेव्हा. तशी वेळ परत यायची वाट बघून पहार शोधायची का?

त्यानं तिथूनच मोबाईल लावला. पलीकडच्या माणसाचं मन वळेना, हे इकडं कळत होतं. इक्बाल हो, नाही, बघा, असं करत होता. मग पलीकडं फोन कुणीतरी दुसऱ्यानं घेतला, बाईचा आवाज, तरणा. त्यांची सून असावी. इक्बालनं ऐकलं आणि फोन माझ्याकडं धरला. "ती इचारतीय, पलीकडं कोन राहतं," तो म्हणाला.

मी फोन घेतला. म्हटलं, मी राहते.

"एकट्याच हैत का?" तिनं विचारलं.

म्हटलं, हो. आता एकटीच.

पाठीमागं कुणीतरी तिला काही सांगत होतं, तिनं त्यांना हातानं गप्प केलं असावं. मग म्हणाली, "मी रविवारी येऊन बघून जाते. आमच्या घरच्यास्नी नगं म्हणू नका, तोवर."

रविवारी ती येईल. तिला पसंत पडेल का दार, मला माहीत नाही. पडलं तर तुमच्या बाजूची कडी तिची होईल, आपा. मी सकाळी माझी काढून उभी राहीन, पलीकडून खट्‌ असा आवाज येईल, आणि फटीतून दिसणारा डोळा तुमचा नसेल. ते मला सोसेल की नाही, सांगता येत नाही. पण तुम्ही पाठ लावून राखलेल्या जागी भिंत झालेली मला सोसली नसती, एवढं नक्की.